मावशींची चटणी आणि माझं भाषण

धंदा बुडाला असता तर मला ते चारचौघांत सांगता आलं असतं. माणसं हळहळतात, धीर देतात, कुणी एखादी वाट सुचवतं. माझा धंदा मात्र छान चालला होता आणि मलाच तो नकोसा झाला होता. हे कुणाला सांगायचं? ऐकणारा म्हणणार, खायला मिळतंय म्हणून सुचतंय. आणि खरंच होतं ते. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही, आणि न सांगता मी जे शेण खाल्लं त्याचीच ही गोष्ट आहे.

उचगावात रस्त्याला लागून माझं मिरची कांडप आहे. दोन डंक आहेत. डंक म्हणजे विजेवर वरखाली होणारी लोखंडी मुसळं आणि खाली उखळ. आमच्याकडे वर्षाची चटणी उन्हाळ्यात एकदाच करतात. मिरची घरच्या गच्चीवर वाळवायची, देठं काढायची, धणे-तीळ-खोबरं, लवंग-दालचिनी सगळं घरी तेलावर भाजायचं आणि मग डबे-पातेली घेऊन डंकावर यायचं. प्रत्येक घराचं परमाण वेगळं. एकीची चटणी दुसरीच्या तोंडाला लागत नाही, आणि जावाजावांतसुद्धा परमाणावरून अबोला धरलेला मी पाहिलाय. म्हणून बाई आपली मिरची सोडून हलत नाही. नाकाला पदर लावून, ठसके देत, डोळे पुसत ती डंकाशेजारी स्टुलावर बसून राहते. आधी मिरची कांडायची, चाळायची, मग तिच्यात मसाला, मग कांदा-लसूण. मीठ सगळ्यात शेवटी, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं घालायचं. मीठ घातलं की बोटावर चटणी घेऊन चाखायची, मान हलवायची, मगच डबा भरायचा. ती मान हलली की माझं काम संपलं.

लग्नानंतर पाच वर्षांनी घराच्या पडवीत मी पहिला डंक बसवला. माझे मिस्टर तेव्हा कारखान्यात लेथवर होते, अजूनही आहेत. सासू म्हणाली होती, ‘बाईमाणसानं दिसभर ठसकत बसायचं, काय हौस म्हणायची ही.’ हौसच होती. पहिली काही वर्षं मी नुसत्या वासावरून सांगायचे, खोबरं जरा जास्त भाजलंय, ही मिरची संकेश्वरी म्हणून दिलीय पण नाही. बायका मुद्दाम विचारायच्या, मी मुद्दाम ताठ व्हायचे. सीझन संपला की मला करमायचं नाही.

मग बाराव्या-तेराव्या वर्षी कधीतरी ते ओसरलं. कुठल्या दिवशी, ते सांगता येणार नाही. शटर वर करायचं म्हटलं की आधी एक कप चहा, मग अजून अर्धा. ‘बारीक की जाडसर’ हा प्रश्न विचारून जीभ झिजली होती. अंबाड्यात, भुवयांत, जेवणाच्या ताटात लाल पूड. बाई मिरचीचं कौतुक सांगायला लागली की मला वाटायचं, घाल आणि गप बस. मी पाट्या टाकत होते. हात चालत होते, बाकी मी तिथं नव्हतेच.

यावर मी मोबाइलवर इलाज शोधला. उत्साहाचे व्हिडिओ बघायला लागले. कोट घातलेले लोक सांगायचे, पहाटे उठा, आरशात बघून हसा, स्वतःला म्हणा की आजचा दिवस माझा आहे. मी आठ दिवस हसले. मिस्टरांनी नवव्या दिवशी विचारलं, ‘दाढ दुखतीया काय?’ तेव्हापासून आरसा बंद केला, पण त्यातली चांगली चांगली वाक्यं एका वहीत उतरवून ठेवायची सवय लागली. वाचताना बरं वाटायचं. शटर वर करेपर्यंत ते बरं वाटणं टिकायचं.

अशात मला कसबा बावड्यातून फोन आला. तिथं बायकांचं एक मंडळ आहे. शिवणकाम, पापड, पार्लर असले छोटे व्यवसाय करणाऱ्या बायका महिन्यातून एकदा जमतात. मंडळ चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका होत्या. म्हणाल्या, ‘व्यवसायात उत्साह कसा टिकवावा, यावर आमच्या भगिनींना मार्गदर्शन करा.’ मला खरं तर हसू यायला हवं होतं. मी म्हणाले, ‘नक्की, मॅडम.’ फोन ठेवला आणि दिवसभर माझी मान वरच राहिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते माझ्यासारख्यांवरूनच आलं असणार.

कार्यक्रम होता भर चैत्रात, दुपारी चारला. सीझनच्या ऐन गर्दीत, पण मी नाही म्हटलं नाही. भाषण लिहून काढलं, आणि कांडताना पाठ करायला लागले. डंकाच्या आवाजात आपण काय बडबडतोय ते दुसऱ्याला कळत नाही, ही एक सोय होती.

आणि नेमक्या त्या दिवशी सकाळी अकराला मावशी आल्या.

या मावशी नात्यातल्या नव्हेत. त्या चंदगड तालुक्यातल्या एका वाडीतल्या. त्यांची लेक आमच्या उचगावात दिलीय. दर चैत्रात त्या आठ दिवस लेकीकडे यायच्या आणि दोन्ही घरांची चटणी माझ्याकडे करून न्यायच्या. माझं पहिलं गिऱ्हाईक त्याच. डंक बसवून आठवडा झाला तरी पडवीत कुणी फिरकलं नव्हतं, तेव्हा या बाईनं डोकावून विचारलं होतं, ‘चालू हाय न्हवं?’ आणि उत्तराची वाट न बघता मिरचीचं गाठोडं खाली ठेवलं होतं. चटणी झाल्यावर त्यांनी लेकीच्या गल्लीत घरोघरी सांगितलं की त्या पोरीकडं जावा, तिचा हात साफ हाय. माझा धंदा उभा राहिला तो त्या वाक्यावर. पुढे पडवीचं दुकान झालं, एकाचे दोन डंक झाले, मावशी दर साली येतच राहिल्या.

त्यांचं परमाण त्यांच्या अव्वाचं, म्हणजे आईचं. त्यात एक गोष्ट होती जी आमच्या भागात फारसं कुणी घालत नाही. मूठभर तिरफळ. गोव्याकडची माणसं माशाच्या आमटीत घालतात ते. त्याचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. मावशींचं पातेलं उघडलं की दुकानातल्या बाकीच्या बायका माना वळवायच्या आणि मावशी मुद्दाम दुसरीकडे बघायच्या. एरवी त्या फार बोलणाऱ्यातल्या नाहीत. पण चटणीच्या बाबतीत त्यांना स्वतःबद्दल खात्री होती.

त्या दिवशी मी एका डंकावर त्यांची मिरची घातली. दुसऱ्यावर एका खानावळीची होती. खानावळवाले सकाळी सामान टाकून जातात आणि संध्याकाळी नेतात, त्यांना परमाणाचं काही पडलेलं नसतं. धणे भरपूर, लवंग ढीगभर, खोबरं जेमतेम. दोघांची मसाल्याची पातेली ओट्यावर शेजारी शेजारी झाकून ठेवलेली. दोन्ही जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, सारखीच.

मावशी स्टूल ओढून बसल्या. आणि त्या बसल्यावर मला भाषण पाठ करता येईना. त्या बोलत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. माझी वाक्यं अडायला लागली. म्हणून मी म्हणाले, ‘मावशी, तुमी लेकीकडं जावा, जेवून या. मी करतो की सगळं.’ आमच्याकडे बायकाही ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलतात.

‘नगं,’ त्या म्हणाल्या. ‘बसतो की मी हितंच.’

‘माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?’

हे मी हसत विचारलं. पण इतक्या वर्षांच्या ओळखीत असा प्रश्न विचारल्यावर माणूस बसून राहूच शकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मावशी उठल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘तसं न्हवं, बाय. सवय हाय आपली.’ आणि गेल्या. आपली मिरची सोडून त्या पहिल्यांदाच गेल्या.

मी कागद हातात घेतला. ‘भगिनींनो, आपल्या कामावर प्रेम करा’ इथपर्यंत आले होते. एका हातात कागद, दुसऱ्या हातानं पातेलं उचललं आणि मावशींच्या कांडलेल्या मिरचीत मसाला ओतला. मुसळं खाली आली, वर गेली. परिच्छेद पूर्ण केला. मग दुसऱ्या डंकाकडे वळले, उरलेल्या पातेल्यावरचं झाकण काढलं, आणि तिरफळाचा वास नाकात गेला.

मी डंक बंद केला. पण तोवर मसाला मिरचीत पार मिसळला होता. चटणीतून मसाला वेगळा काढता येत नाही, हे लहान मूलही सांगेल.

सोपं होतं खरं तर. मावशींना बोलवायचं, सांगायचं, चुकले. नवीन मिरची आणायची, त्यांचा मसाला जसाच्या तसा होता, त्यात काही बिघडलं नव्हतं. उद्या पुन्हा कांडायचं. त्या रागावल्या असत्या, दोन शब्द बोलल्या असत्या आणि विषय संपला असता. मी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. अंघोळ करायची होती, केसातली पूड काढायची होती, साडी इस्त्री करून ठेवली होती. मी मावशींचा मसाला खानावळीच्या मिरचीत ओतला. तो हात चुकून गेला नाही. पहिला गेला होता, हा मी घातला.

मावशी अडीचला आल्या. चटणी लालभडक दिसत होती, रंगात काही कमी नव्हतं. त्यांनी आपल्या हातानं मीठ घातलं, एकत्र केलं, बोटावर घेऊन चाखली. मान हलली नाही. पुन्हा चाखली.

‘तिरफळाचा वास येईना, बाय.’

मी चाळण पुसत होते. ‘मिरची तिखट हाय यंदा. दबला असंल वास.’

‘दबत न्हाय त्यो.’ त्या पातेल्याकडे बघत राहिल्या. ‘घातलं व्हतं की मी. काल संध्याकाळी भाजलो. का न्हाय घातलं?’

हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. त्या स्वतःशीच बोलत होत्या. मी मधे पडायची काही गरज नव्हती. पण मला ते बोलणं लवकर संपवायचं होतं.

‘विसरला असाल, मावशी,’ मी म्हणाले. ‘व्हतंय की असं वयामानानं.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले, आरशासमोर शिकलेलं तसलं. मग त्या ‘असंल’ म्हणाल्या आणि डबे भरायला लागल्या.

चार वाजता मी बावड्याच्या त्या हॉलमध्ये होते. साठ-सत्तर बायका, हार, शाल, श्रीफळ. मी पुस्तकात लिहितात तशा मराठीत बोलले. ‘मी करते, मी मानते.’ कामावर प्रेम करा म्हणाले. रोजचा दिवस पहिला दिवस समजा म्हणाले. आणि टाळ्या यायला लागल्यावर, कागदावर नसलेलं एक मी आपणहून बोलले. गिऱ्हाइकाला घरचं माणूस कसं मानावं हे सांगताना मी मावशींची गोष्ट सांगितली. पडवी, रिकामा आठवडा, गाठोडं, ‘तिचा हात साफ हाय.’ पुढच्या रांगेतल्या दोघींनी डोळे पुसले. माईक धरलेल्या माझ्या बोटांच्या नखांत तेव्हा मावशींची चटणी होती. अंघोळीनं ती जात नाही, दोन दिवस राहते.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. मागच्या रांगेतून एक बाई उठली, साधारण माझ्याच वयाची. तिनं ब्लाउज शिवते म्हणून सांगितलं. मग म्हणाली, ‘ताई, काम हाय. गिऱ्हाइकं बी हायत. पण मला लई कंटाळा आलाय. मशिनपुढं बसू वाटत न्हाय. काय करायचं?’

सगळा हॉल वळून तिच्याकडे बघायला लागला. माझंच वाक्य, मी दोन वर्षं कुणापुढं उच्चारू न शकलेलं, तिनं सत्तर जणींत उभं राहून म्हटलं होतं. आणि मी काय सांगावं? मी म्हणाले, ‘मनापासून काम करणाऱ्याला कंटाळा येतच नाही, ताई. आपण स्वतःला विचारायला हवं, आपलं कुठं चुकतंय.’ टाळ्या पडल्या. ती बाई ‘बरं’ म्हणाली आणि बसली. पुढं ती मान खाली घालून पदराचं टोक पिळत राहिली.

ती मला पुन्हा भेटलेली नाही. भेटली तर सांगेन की मलाही येतो. आजही येतो. कंटाळा आला तर आला म्हणावं, दोन दिवस शटर पाडून झोपावं, पण तो दुसऱ्याच्या मिरचीवर काढू नये. मला इतकंच माहीत आहे, आणि हेही तेव्हा माहीत नव्हतं.

मावशी दोन दिवसांनी गावी गेल्या. मी स्वतःची समजूत काढली की चटणीच ती, विष तर नव्हे. पोरं खातील, संपेल. महिन्याभरानं खानावळवाले आले ते खुशीत. ‘वैनी, कसली चटणी दिलीसा ओ! गिऱ्हाइकं इचारत्यात, रस्स्याला ह्यो वास कसला. परत तसलीच करून द्या.’ मी म्हणाले, ‘बघतो.’ ते गेल्यावर मी आत जाऊन तोंड धुतलं.

पुढचा चैत्र आला. मावशी आल्या नाहीत. खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस मला हायसं वाटलं. मग एका सकाळी त्यांची लेक दुकानात आली आणि रॅकवरच्या, मी विकायला भरून ठेवते त्या, तयार चटणीचं पाकीट मागितलं. त्या घरात विकतची चटणी कधी गेली नव्हती.

‘आई न्हाय आली यंदा?’ मी विचारलं. विचारावंच लागलं.

‘चटणी करायची सोडली तिनं,’ ती म्हणाली. ‘माझा हात गेला म्हणती. गेल्या साली तिरफळ घालायची इसरली न्हवं का. घरात कोण काय बोललं न्हाय, पण तिनं मनाला लावून घेतलंया. आता वैनीला म्हणती, मीठबी तूच घाल. गॅस बंद केलाय काय, चारचारदा उठून बघती. मला फोन करून इचारती, काल मी तुला फोन केलतो काय? तसं इसरत काय न्हाय ओ ती. नुसतं भ्या घेतलंया. दादा म्हणतोय बेळगावला न्यायचं, डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं.’

मी पाकीट तिच्या हातात दिलं. खरं सांगितलं नाही. ती समोर उभी होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आणि मी म्हणाले, ‘काळजी घ्या आईची.’ पहिल्या खोट्याला निदान घाईचं निमित्त होतं. या गप्प राहण्याला काहीच नव्हतं.

चार दिवस मी तशीच काढले. मिस्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हातारीच्या डोक्यात घातलंस तू.’ एवढंच. ते लेथवर काम करणारे, मोजकं बोलतात. पाचव्या दिवशी, भर सीझनात, मी शटरला कुलूप लावलं आणि चंदगडची एस.टी. धरली. बरोबर पिशवीत चांगली निवडक संकेश्वरी मिरची घेतली होती, पाच किलो. वाटलं, ही दिली की सांगणं जरा हलकं जाईल.

गडहिंग्लज सोडल्यावर मी काय बोलायचं ते मनात जुळवायला लागले. ‘मावशी, माणूस म्हटलं की चूक होते’ असली वाक्यं सुचत होती. पुन्हा भाषणच. माझी मला किळस आली आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

मावशी अंगणात काजूच्या बिया निवडत बसल्या होत्या. निवडलेल्या बिया पुन्हा हातात घेऊन बघत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

‘बाय, तू? एवढ्या लांब?’ त्या म्हणाल्या. मग मी काही बोलायच्या आत, ‘यंदा आलो न्हाय बघ तुझ्याकडं. रागावलीस काय? जमत न्हाय आता मला ते. परमाण ध्यानात ऱ्हाईना.’

त्या माझी माफी मागत होत्या. पाच किलोची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. मी तिथंच, अंगणात, उभ्यानं सांगून टाकलं. दोन पातेली, हातातला कागद, खानावळीचा मसाला. सांगताना मी रडत होते, पण त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

‘मी तिरफळ घातलं व्हतं?’ त्यांनी विचारलं.

‘व्हय.’

‘मूठभर?’

‘मूठभर. झाकण काढल्या काढल्या वास आला.’

‘मी इचारलो व्हतो तुला.’

‘व्हय.’

‘तू म्हणालीस, इसरला असाल.’

‘व्हय, मावशी.’

त्यांनी हातातल्या बिया सुपात टाकल्या आणि घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली. सून हात पुसत बाहेर आली. मावशी मला म्हणाल्या, ‘सांग हिला.’

मी सुनेला सांगायला लागले. त्या दिवशी मला एका कार्यक्रमाला जायचं होतं, घाई होती, बरेच दिवस माझं कामात मन नव्हतं. मावशींनी मला मधेच तोडलं. ‘ते न्हवं. तिरफळाचं सांग.’ मी तिरफळाचं सांगितलं. सून कधी माझ्याकडे, कधी सासूकडे बघत होती. मावशींनी मान हलवली आणि कुडापलीकडच्या घरातल्या बाईला हाक मारली. ती आली. ‘सांग.’ मी तिलाही सांगितलं. मग मावशींनी सुनेकडून मोबाइल घेतला, बेळगावला न्यायचं म्हणणाऱ्या मुलाला लावला आणि माझ्या कानाला धरला. त्याच्यानंतर उचगावच्या लेकीला.

पाचव्यांदा सांगताना माझं सगळं तीन वाक्यांत उरलं होतं. मावशींनी तिरफळ घातलं होतं. मी दुसऱ्याचा मसाला त्यांच्या मिरचीत ओतला. आणि त्या विसरल्या असं त्यांना खोटं सांगितलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतकं नीटही मी कधी बोलले नव्हते.

कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. सुनेनं चहा दिला. मावशी समोर बसून होत्या, पाठ ताठ. मी कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘मग यंदा करशिला न्हवं चटणी?’

‘करणार की. उशीर झालाय, पण अजून ऊन हाय.’

मी मिरचीची पिशवी पुढं सरकवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. ‘ने परत. माझी मिरची मी आणतो.’ मग आवाज न चढवता त्या म्हणाल्या, ‘आन तुझ्याकडं न्हाय आणणार, बाय. हितं चंदगडात डंक हाय. बसून करून घेतो.’

‘लेकीकडं याल तवा?’

‘लेकीकडं येणार. तुझ्याकडं न्हाय.’

मी ‘बरं’ म्हणाले. दुसरं काही म्हणायचा मला हक्कच नव्हता. पिशवी उचलली, पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत की डोक्यावर हातही ठेवला नाही. अंगण ओलांडून रस्त्यावर आले तेव्हा मागून त्यांचा आवाज ऐकू आला. त्या सुनेला परमाण सांगत होत्या. मिरची किती, धणे किती, तीळ किती, खोबरं किती, तिरफळ किती. मोठ्यानं, भराभर, कुठंही न अडखळता. एस.टी.ला अजून तास होता, मी फाट्याकडे चालायला लागले.